हौशी शोधकाच्या रहस्यकादंबऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्याजवळच्या आमच्या वाड्यावर, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीत, गेले पाच पावसाळे आम्ही आठ-दहाजण रविवारी दुपारी सोप्यावर जमतो आणि एकेक रहस्यकादंबरी मिळून वाचतो. पुस्तकं बहुतेक एकाच जातीची: लहान गाव, एक खून आणि पोलिसांच्या आधी तो उकलणारं कुणीतरी साधंसुधं माणूस. इंग्रजीत यांना ‘कोझी’ म्हणतात. सुरुवातीला शेजारच्या वाड्यावरून प्रश्न यायचे, आता म्हापशापासून काणकोणपर्यंतचे येतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवली आहेत. कुठल्याही पुस्तकाचा शेवट इथं फोडलेला नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

१. ‘कोझी’ म्हणजे नेमकं काय? नेहमीच्या रहस्यकथेपेक्षा वेगळं काय असतं?

शब्दाचा अर्थ ऊबदार, सुखावह. चहाच्या किटलीवर घालतात त्या लोकरीच्या टोपीलाही इंग्रजीत हेच नाव आहे. हे लेबल बरंच नंतर चिकटलं. ज्यांची पुस्तकं आज आपण कोझी म्हणून वाचतो, त्यातल्या जुन्या लेखकांनी ती साधी गुप्तहेरकथा म्हणूनच लिहिली होती.

ओळखायची खूण अशी: खून होतो, पण तो आपल्या डोळ्यांसमोर होत नाही. रक्त, मारहाण, अत्याचार यांची वर्णनं नसतात. जागा लहान असते, म्हणजे एखादं खेडं, एखादं घर, फार तर एखादी बोट. संशयित मोजके, आणि ते एकमेकांना ओळखणारे. उकल करणारी व्यक्ती पोलीस नसते. शेवटी गुन्हेगार सापडतो, गाव पुन्हा आपल्या रुळावर येतं.

माझ्या मते यातली सर्वांत महत्त्वाची अट लहान जागेची आहे. मुंबईसारख्या शहरात खुनी कुणीही असू शकतो. वाड्यावर तो आपल्यातलाच असतो. काल ज्याच्याकडून नारळ विकत घेतले, तोच असू शकतो. सगळी गंमत आणि सगळी भीती तिथून येते.

२. हौशी शोधक कुणाला म्हणायचं? पोयरो, ब्योमकेश बक्षी, धनंजय हे त्यात येतात का?

नाही. हर्क्युल पोयरो हा ॲगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेचा नायक, बेल्जियमच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी आणि नंतरचा व्यावसायिक गुप्तहेर. बंगाली कथांतला ब्योमकेश स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवून घेतो, गुप्तहेर हा शब्द त्याला आवडत नाही, पण लोक त्याच्याकडे प्रकरणं घेऊन येतात आणि तोच त्याचा पेशा आहे. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजयही गुप्तहेरच.

हौशी शोधक म्हणजे जिचं किंवा ज्याचं पोटापाण्याचं काम दुसरंच काहीतरी आहे. मिस जेन मार्पल ही सेंट मेरी मीड नावाच्या काल्पनिक खेड्यात राहणारी अविवाहित वृद्धा. ती विणकाम करते, बाग सांभाळते, कुणाच्या घरी कोण आलं ते पाहते. ॲगाथा ख्रिस्ती यांनी तिला डिसेंबर १९२७ मध्ये एका लघुकथेत आणलं, १९३० मध्ये ‘द मर्डर ॲट द व्हिकरेज’ या पहिल्या कादंबरीत, आणि पुढं तिच्या एकूण १२ कादंबऱ्या झाल्या. जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन हे पाद्री, १९१० पासूनचे. माणसांची पापं ऐकणं हे त्यांचं रोजचं काम, त्यामुळे माणूस कुठवर घसरू शकतो हे त्यांना ठाऊक असतं. याही आधी, १८९७ साली, ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेनं अमेलिया बटरवर्थ नावाची चौकस, मानी, अविवाहित बाई शोधाला लावली होती.

‘हौशी’ हा शब्द कमी लेखणारा वाटतो, असं एका वाचकानं कळवलं होतं. मला तसं वाटत नाही. गोव्यात हौशी नाटक जत्रेच्या रात्री देवळापुढं कसं उभं राहतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. दिवसभर कचेरीत किंवा शेतात राबलेला माणूस रात्री संभाजी होतो, आणि त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत. तितक्याच निष्ठेनं ही माणसं सत्याच्या मागं लागतात.

३. पहिल्यांदाच वाचतेय. सुरुवात कशानं करू?

लघुकथांनी. फादर ब्राउनची एक कथा एका बैठकीत होते. मार्पलच्या पहिल्या कथाही अशाच: काही मंडळी जमतात, प्रत्येकजण आपल्याला माहीत असलेलं एक कोडं सांगतो, आणि कोपऱ्यात विणत बसलेली म्हातारी ते सोडवते. तीन-चार कथा झाल्या की लेखक कुठं लपवतो याचा थोडा अंदाज येतो. मग १९३० ची ती पहिली मार्पल कादंबरी घ्या. तिथली एक अडचण प्रश्न ६ मध्ये सांगितली आहे.

४. मराठीत असं काही आहे का? इंग्रजी वाचायला जड जातं.

आहे, पण मराठीतल्या रहस्यकथेचा मुख्य प्रवाह वेगळा आहे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या आईवडिलांच्या पिढीनं त्या भाड्यानं आणून एका रात्रीत वाचल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड या नावांनीच त्यांचे डोळे चमकतात. त्या कथांचा जीव मात्र धाडसात, वेशांतरात आणि पाठलागात आहे. घरात बसून माणसं निरखण्यात नाही.

हौशी शोधकाच्या सर्वांत जवळचा मराठी नायक मला वाटतो तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवनात शिकणारा, सायकलवर फिरणारा, ‘ट्टॉक’ करणारा पोरगा. त्याला कुणी नेमलेलं नसतं, पैसे मिळत नाहीत, त्याला फक्त राहवत नाही. लहानपणी वाचला असेल तर मोठेपणी पुन्हा वाचून पाहा.

ख्रिस्ती यांच्या कादंबऱ्यांचे मराठी अनुवाद मिळतात. पणजीला पाटो इथल्या कृष्णदास शामा गोवा राज्य केंद्रीय ग्रंथालयात आधी चौकशी करा, मग गावच्या वाचनालयात. या ग्रंथालयाची सुरुवात १५ सप्टेंबर १८३२ ची, आणि ख्रिस्तीबाईंचा जन्म १५ सप्टेंबर १८९० चा. हा निव्वळ योगायोग, पण मला तो फार आवडतो, आणि त्या तारखेच्या जवळच्या रविवारी आम्ही नेहमी त्यांचंच पुस्तक घेतो.

इंग्रजीची भीती मात्र थोडी बाजूला ठेवा. या कादंबऱ्यांत संवाद भरपूर आणि वाक्यं छोटी असतात. आमच्यातल्या एका काकी मराठी माध्यमातून सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी आधी मराठी अनुवाद वाचला, मग तेच पुस्तक इंग्रजीत. गोष्ट माहीत असल्यामुळे शब्द अडले नाहीत. आता त्या थेट इंग्रजी घेतात.

५. पात्रं इतकी असतात की नावं लक्षात राहत नाहीत. काय करावं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. नावं पाठ करू नका, घरं लक्षात ठेवा. पेन्सिल घेऊन कागदावर वाड्याचा नकाशा काढा: देऊळ कुठं, पोसरो (दुकान) कुठं, डॉक्टर कुठं राहतो, कुणाच्या बाल्कांवावरून (दारापुढच्या बसायच्या ओट्यावरून) कुणाचं दार दिसतं. प्रत्येक घरात तिथली माणसं लिहा. आपल्याला माणसं अशीच आठवतात. ‘वयल्या घरचा’, ‘तळ्याकडचा’ म्हटलं की चेहरा समोर येतो, आडनावानं येत नाही.

इंग्रजी पुस्तकात एकाच माणसाला तीन नावांनी हाक मारतात. नोकर ‘कर्नल’ म्हणतो, शेजारी आडनाव घेतो, बायको पाळण्यातलं नाव घेते. गोंधळू नका. आपल्याकडेही रेशनकार्डावरचा दामोदर घरी दामू असतो आणि वाड्यावर आणखी काहीतरी. तिन्ही नावं एकाच घरात लिहिली की झालं.

दुसरा कागद वेळेचा. खुनाच्या आधीचे आणि नंतरचे दोन तास आडवे मांडा आणि कोण कुठं होतं ते भरा. भरताना प्रत्येक नोंदीपुढं ‘पाहिलं’, ‘ऐकलं’ की ‘स्वतःच सांगितलं’ यातलं एक लिहा. हे मी हात जोडून सांगते, ही एक सवय लावून घ्या. ‘साहेब पाच वाजता जिवंत होते’ असं पुस्तकात चारदा येतं, आणि तपासून पाहिलं तर त्यांना पाच वाजता कुणीच पाहिलेलं नसतं. कुणीतरी दाराबाहेरून आवाज ऐकलेला असतो. तो आवाज त्यांचाच होता हे कुणी ठरवलं? कागदावर ‘ऐकलं’ लिहिलेलं असेल, तर हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडतो.

६. विगाराला बायको कशी काय? मी वाचताना इथंच अडखळलो.

अगदी बरोबर अडखळलात. गोव्यात वाढलेल्या माणसाला इंग्रजी ‘विकार’ (vicar) या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही, कारण आपल्या चर्चचा पाद्री तो विगारच. पण आपल्याकडचा विगार रोमन कॅथलिक, म्हणून अविवाहित. इंग्लंडच्या खेड्यातला विकार अँग्लिकन पंथाचा, आणि त्या पंथात पाद्र्यांना लग्न करायची मुभा सोळाव्या शतकापासून आहे. १९३० च्या मार्पल कादंबरीत गोष्ट सांगणारा स्वतः विकार आहे आणि त्याची तरुण बायको ग्रिसेल्डा हे एक मजेदार पात्र आहे. फादर ब्राउन मात्र रोमन कॅथलिक आहेत. त्यांच्या कथांत ही अडचण येत नाही.

याच जातीची दुसरी गल्लत ‘कॉरोनर’ची. संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा तो अधिकारी असतो आणि त्याच्यापुढं गावकऱ्यांच्या साक्षी होतात. लेखकाला हे फार सोयीचं, कारण सगळी पात्रं एका खोलीत येतात आणि सगळी माहिती एकदम वाचकापुढं येते. आपल्याकडे त्या जागी पोलिसांचा पंचनामा असतो. त्याविषयी प्रश्न १० पाहा.

७. मला खुनी कधीच ओळखता येत नाही. मी मंद आहे का?

मुळीच नाही. लेखकानं सहा-आठ महिने खपून तुम्हाला न कळण्याची व्यवस्था केलेली असते. ओळखता आला नाही म्हणजे ती व्यवस्था चांगली होती.

पण या कादंबऱ्या वाचताना ‘कोण’ हा प्रश्न थोडा मागं ठेवून पाहा. मार्पल काय करते ते बघा. ती कुणाचा पाठलाग करत नाही, कुणाला दरडावत नाही. नव्या माणसाला पाहिलं की तिला गावातलं कुणीतरी जुनं आठवतं: हा अगदी त्या मासेवाल्याच्या पोरासारखा. मासेवाल्याच्या पोरानं काय लबाडी केली होती हे तिला माहीत असतं, म्हणून हा काय करील याचा तिला अंदाज येतो. तिच्याजवळ एवढंच शास्त्र आहे, आणि आपल्या आजीकडे ते पुरेपूर होतं. बाल्कांवावर बसून तांदूळ निवडता निवडता तिला कळायचं की अमक्याकडे पाहुणे आलेत, तमकीचं सासरी बिनसलंय, आणि पोदेरानं (दारोदार पाव विकणाऱ्यानं) आज त्या बंद घरासमोर सायकल का थांबवली. आपण तिला चौकस म्हणायचो. ती जे करत होती त्याला निरीक्षण म्हणतात.

म्हणून वाचताना माणसं निरखा. कोण कुणाशी बोलताना सूर बदलतो, कोण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतं, कुणाला दुःख व्हायला हवं होतं आणि झालं नाही. अशा पाच नोंदी जमल्या की नाव आपोआप पुढं सरकतं. नाही सरकलं तरी पुस्तक वाया गेलं नाही.

८. खरा धागा कोणता आणि चकवा कोणता, हे कसं ओळखायचं?

कोकणातल्या रानवाटेवर माणसाला चकवा लागतो, तो रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला तिथंच येतो. रहस्यकादंबरीतला खोटा धागा अगदी तसाच चालवतो, म्हणून आम्ही त्याला चकवाच म्हणतो.

पक्की खूण नाही, पण अनुभवानं काही गोष्टी सांगता येतात. ज्या वस्तूभोवती सगळे आरडाओरडा करतात, जिच्यावर अख्खं प्रकरण खर्च होतं, ती बहुधा चकवा. खरा धागा लेखक गर्दीत ठेवतो. टेबलावरच्या सात वस्तूंची यादी येते, आणि कामाची वस्तू चौथी असते, कारण आपलं लक्ष पहिल्यावर आणि शेवटच्यावर राहतं. किंवा धागा दाखवल्याबरोबर काहीतरी घडतं: दार वाजतं, कुणीतरी रडायला लागतं, कप फुटतो. आपण त्या आवाजाकडे वळतो आणि धागा मागं राहतो. कप फुटला की मागच्या दहा ओळी पुन्हा वाचायची, असा आमच्या सोप्यावरचा नियमच आहे.

आणखी एक. विनोदी पात्राच्या बडबडीकडे दुर्लक्ष करू नका. सतत बोलणारी, कुणीच मनावर न घेणारी बाई बरेचदा खरी साक्ष देऊन गेलेली असते.

९. लेखकानं फसवलं असं वाटलं तर? काही नियम असतात का?

असतात. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी गुप्तहेरकथेसाठी दहा नियम मांडले. ते स्वतः पाद्री होते आणि रहस्यकथाही लिहायचे. गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागातच भेटलेला हवा. भुताखेतांनी उकल करायची नाही. एकाहून अधिक गुप्त खोल्या किंवा भुयारं नकोत. कुणाला माहीत नसलेलं विष वापरायचं नाही. शोधकाला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवायचा. जुळे भाऊ आणायचे तर आधी त्यांची चाहूल द्यायची. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये ‘डिटेक्शन क्लब’ ही लेखकांची मंडळी उभी राहिली. चेस्टरटन तिचे पहिले अध्यक्ष.

मथितार्थ एकच: पाटी कोरी ठेवायची नाही. उत्तर वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेलं असलं पाहिजे.

आता अपवाद. चांगल्या लेखकांनी यातले नियम मोडले आहेत आणि मोडूनही वाचकाशी प्रामाणिक राहिले आहेत. कोणत्या पुस्तकात कोणता नियम मोडला, हे मी सांगणार नाही, सांगितलं तर तुमचं पुस्तक मेलं. फसवलं असं वाटलं तर आधी मागं जाऊन तपासा. तो धागा खरंच नव्हता, की होता आणि तुम्ही त्यावरून पुढं गेलात? नव्हताच, तर राग योग्य आहे आणि तो लेखक पुन्हा घेऊ नका. होता, तर प्रश्न १६ वाचा.

१०. खऱ्या आयुष्यात एखाद्या म्हातारीला पोलीस असं विचारतील का?

शोध लावायला नाही विचारणार. पण गावकऱ्यांना तपासात अजिबात जागा नाही, असंही नाही. संशयास्पद मृत्यू झाला की पोलीस मरणोत्तर पंचनामा करतात, आणि तो परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समोर व्हावा लागतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे. म्हणजे शेजारच्या घरातल्या दोघांना मृतदेहाच्या जागी उभं राहून पाहावं लागतं आणि सही करावी लागते. कादंबरीच्या दृष्टीनं ही फार मोठी गोष्ट आहे. इथून एखादा हौशी शोधक जन्माला यायला काय हरकत आहे?

मात्र एक गंभीरपणे सांगते. खऱ्या प्रकरणात काही दिसलं, ऐकलं असेल तर ते पोलिसांना सांगायचं आणि थांबायचं. वस्तूंना हात लावायचा नाही, कुणाच्या घरी जाऊन जाब विचारायचा नाही, आणि वाड्यावर नाव घेत फिरायचं तर अजिबात नाही. पुस्तकातल्या संशयिताची अब्रू शेवटच्या पानावर परत मिळते, खऱ्याची मिळत नाही.

११. सगळे खून इच्छापत्रासाठीच का होतात? आपल्याकडे तर असं इच्छापत्र करता येत नाही ना?

मडगावच्या एका वाचकानं विचारलेला हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण तो गोवेकरालाच पडू शकतो.

जुन्या इंग्रजी कादंबरीत श्रीमंत म्हातारा वकिलाला बोलावतो, ‘उद्या इच्छापत्र बदलतो’ म्हणतो, आणि त्याच रात्री मरतो. हे तिथं पटतं, कारण इंग्रजी कायद्यात माणसाला आपली मालमत्ता जवळजवळ मनाला येईल त्याला देता यायची. मुलाला एक पैसा न देता सगळं नर्सला देता यायचं. त्यामुळे प्रत्येक वारस टांगणीला असायचा.

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेली व्यवस्था वेगळी आहे, आणि आता ती २०१२ च्या गोवा वारसा कायद्यात आली आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको एकूण मालमत्तेचे निम्मे-निम्मे मालक. मेलेल्याच्या निम्म्यातला निम्मा भाग मुलांसाठी राखीव, तो मुलगा-मुलगी सर्वांना सारखा. इच्छापत्रानं देता येतो तो फक्त उरलेला भाग, म्हणजे जोडप्याच्या सगळ्या मालमत्तेचा चौथा हिस्सा. मुलाला सरसकट बेदखल करण्याची धमकी इथं पोकळ ठरते. आपल्याकडची भांडणं किती मिळणार यावर कमी आणि कुठलं मिळणार यावर जास्त होतात: भाट (बागायत) कुणाला, माडांची बाजू कुणाला, राजांगणाचं (आतल्या चौकाचं) घर कुणाला. इन्वेंताराच्या (कोर्टातल्या वारसावाटपाच्या) फायली वर्षानुवर्षं चालतात त्या यावरूनच.

अपवाद आहे आणि तो नेमका कोझीला सोयीचा आहे. मूलबाळ नसलेली, आईवडील हयात नसलेली अविवाहित आतया. तिला इच्छापत्रात बरीच मोकळीक असते. म्हणजे भाचरं आतयेची अचानक फार काळजी घेऊ लागली, हे कथानक फोंड्यातही तितकंच चालेल.

खून करणाऱ्याला त्या मृताचा वारसा घेता येत नाही, हे इंग्रजी कायद्यातलं तत्त्वही लक्षात ठेवा. पैशासाठी मारणाऱ्या पात्राला म्हणूनच फक्त फाशी चुकवून भागत नाही. नाव कायमचं लपलं तरच पैसा हाती येतो.

१२. खुनाच्या गोष्टीत रमणं योग्य आहे का? घरात नुकताच मृत्यू झाला असताना मला वाचताना अपराधी वाटलं.

तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली. वाटत असेल तर पुस्तक बाजूला ठेवा, काही महिन्यांनी घ्या, पुस्तक कुठं जात नाही.

मी स्वतः वडील गेले त्या पावसाळ्यात या कादंबऱ्यांकडे वळले. त्यांचं जाणं एका मोठ्या इस्पितळात झालं आणि काय झालं, कधी झालं हे आम्हाला कुणी नीट सांगितलं नाही. दहा जणांना विचारून दहा उत्तरं मिळाली. त्या दिवसांत मला असं पुस्तक हवं होतं, जिथं मेलेल्या माणसाला महत्त्व असतं. कोझीमध्ये मेलेला माणूस फारसा चांगला नसतो, कधी तर सगळ्यांना तो नकोसाच असतो. तरीही कुणीतरी परकं माणूस आग्रह धरतं की याचं काय झालं ते कळलंच पाहिजे, आणि ते कळेपर्यंत गप्प बसत नाही. मला त्यानं आधार दिला.

१३. जुन्या पुस्तकांत नोकरांबद्दल, परक्या लोकांबद्दल वाईट शब्द येतात. काय करावं?

येतात, आणि काही ठिकाणी फार बोचतात. नव्या आवृत्त्यांत काही प्रकाशकांनी असे शब्द बदलले आहेत. आम्ही जुनी प्रत वाचतो आणि तिथं थांबून बोलतो. गोष्टीच्या दृष्टीनंही एक पाहा: मोलकरणीकडे कुणी लक्ष देत नाही म्हणूनच तिनं सगळं पाहिलेलं असतं, आणि तिला नीट विचारणारी पहिली व्यक्ती बहुधा हौशी शोधकच असते. मुलांना देताना मात्र आधी स्वतः वाचा. बारा-तेराच्या पुढं हरकत नाही, त्याआधी फास्टर फेणे उत्तम.

१४. मालिका क्रमानं वाचावी लागते का? आणि त्या मांजर-बेकरीवाल्या नव्या कादंबऱ्या कशा असतात?

मार्पल कुठूनही घ्या. अलीकडच्या अमेरिकन मालिका क्रमानं घ्या, कारण त्यांत नायिकेचं लग्न, दुकान, शेजारी पुढं सरकत जातात. बेकरी, पुस्तकांचं दुकान, विणकामाचा गट, मांजर असा ठरलेला सरंजाम असतो आणि कधी शेवटी पाककृतीही. काही फार गोड, काही घाईत लिहिलेल्या. बेकरीचं वर्णन खुनापेक्षा जास्त पानं खात असेल, तर मी सोडून देते.

१५. गटात वाचताना कुठं थांबायचं? आणि पावसात पुस्तकं कशी जपायची?

पुस्तकाचा तीन-चतुर्थांश झाला की थांबा. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावून उकल सांगायचा प्रसंग त्यानंतर येतो. आमच्याकडे प्रत्येकजण चिठ्ठीवर नाव आणि कारण लिहितो, चिठ्ठ्या चकल्यांच्या रिकाम्या डब्यात जातात, आणि पुढच्या बैठकीत उघडतात. नुसतं नाव लिहिलेलं चालत नाही, कारण हवंच. पुढं वाचून आलेल्यानं त्या दिवशी चहा करायचा आणि गप्प राहायचं.

जून ते सप्टेंबर पुस्तकं भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागं हवा खेळू द्या. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा, ऊन पडलं की पुस्तकं उघडून सावलीत वारा द्या, थेट उन्हात नको. बुरशी कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, ओल्या फडक्यानं पसरते.

१६. एकदा खुनी कळला की पुस्तक पुन्हा वाचण्यात काय अर्थ?

माझं उत्तर: दुसरं वाचनच खरं. पहिल्यांदा तुम्ही शोधकाच्या मागं धावता. दुसऱ्यांदा खुन्याशेजारी बसता. तो पहिल्या प्रकरणात चहा ओततो तेव्हा त्याच्या मनात काय आहे हे तुम्हाला माहीत असतं, आणि लेखकानं एकही खोटं वाक्य न लिहिता तुम्हाला कसं वळवलं ते दिसतं.

१७. गोव्यात घडणारी अशी कादंबरी मराठीत कुणी लिहावी असं वाटतं. आम्ही प्रयत्न केला तर?

जरूर करा, आणि पहिली वाचायला मला द्या. साहित्य दारात पडलंय. दिवाडी बेटावर फेरीबोटीनं जावं लागतं, तेव्हा शेवटची फेरी गेल्यावर बेटावर कोण उरलं याची यादी बोटीवरचा माणूस सांगू शकतो. रोज पहाटे पोदेर सायकलचा भोंगा वाजवत प्रत्येक दारात थांबतो, कुणी आज पाव घेतले नाहीत हे त्याला सर्वांआधी कळतं. जत्रेच्या रात्री सगळा गाव नाटकाला असतो, आणि सगळे तिथं होते असं सगळेच सांगतात, पण दुसऱ्या अंकाच्या वेळी कोण उठून गेलं हे फक्त पेटीवाल्यानं पाहिलेलं असतं, कारण त्याचं तोंड प्रेक्षकांकडे असतं.

आणि बंद घरं. मालक मुंबईत, लिस्बनला, लंडनला, आणि किल्ली शेजारच्या मावशीकडे. महिन्यातून एकदा ती जाते, खिडक्या उघडते, तुळशीला पाणी घालते, केर काढते. त्या घरातल्या कुठल्या कपाटाचं दार करकरतं हे मालकापेक्षा तिला जास्त माहीत. एक दिवस ती दार उघडते आणि महिनाभर बंद असलेल्या घरात तुळशीखालची माती ओली असते.